शौचावरचा ताबा सुटतो तेव्हा डॉक्टर निदान कसं करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या त्रासाची माणसं तपासणीच्या खोलीत येतात तेव्हा बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाबद्दल बोलत असतात. अ‍ॅसिडिटी, कंबरदुखी, झोप. उठून दारापर्यंत गेल्यावर मग हळूच म्हणतात, "जाता जाता एक विचारायचं होतं..." तिथूनच खरी तपासणी सुरू होते. त्या वाक्यानंतर जे प्रश्न हमखास येतात, ते इथे घेतले आहेत.

डॉक्टरांना नेमकं काय सांगू? शब्दच सापडत नाहीत.

सरळ म्हणा, "मला संडास धरवत नाही. कपड्यात होतं." एवढं पुरे.

पुष्कळ जण लाजेपोटी "पोट बिघडतं" किंवा "जुलाब होतात" असं सांगतात, आणि घोळ तिथेच होतो. जुलाब म्हणजे शौच पातळ होणं. ताबा सुटणं म्हणजे ती नको तिथे, नको तेव्हा होणं. दोन्ही एकत्र असू शकतात, पण घट्ट शौच होणाऱ्याचाही ताबा सुटतो, आणि जुलाब होणारे कितीतरी जण वेळेत संडास गाठतात. "जुलाब" ऐकलं की डॉक्टर जुलाबाचं औषध लिहून देतात आणि मूळ गोष्ट तशीच राहते. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. घडी घातलेल्या अशा चिठ्ठ्या मी बऱ्याच उघडल्या आहेत. लिहिणाऱ्याला वाटतं की असं आपल्यालाच होतं. मजकूर मात्र दर वेळी जवळपास तोच असतो.

वय झालं की असं होणारच ना?

नाही. वयाबरोबर प्रमाण वाढतं हे खरं, पण "वय झालं" हे निदान नाही. घरी राहणाऱ्या, हिंडत्याफिरत्या प्रौढांमध्येही साधारण १२ जणांत एकाला हा त्रास असतो, आणि त्यांत चाळिशीतल्या बायकाही असतात, पुरुषही असतात. शिवाय हा स्वतः आजार नाही, लक्षण आहे. मागे कारण असतं, आणि अनेकदा एकाहून जास्त कारणं असतात.

कोणत्या डॉक्टरांकडे जावं?

आधी नेहमीच्या डॉक्टरांकडेच. पहिली पायरी त्यांना करता येते. पुढे गरज लागली तर पोटविकारतज्ज्ञ किंवा मोठं आतडं आणि गुदद्वार यांचे सर्जन. बाळंतपणाशी संबंध दिसत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ.

इतके खासगी प्रश्न का विचारतात? थेट तपासणी का नाही करत?

कारण अर्धं निदान या प्रश्नांतच होतं. हे समजायला आतली रचना थोडी माहीत हवी.

गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात, एकात एक. आतलं कडं आपल्या इच्छेवर चालत नाही. ते दिवसरात्र, झोपेतसुद्धा आवळलेलं असतं आणि दार बंद ठेवण्याचं बहुतेक काम तेच करतं. बाहेरचं कडं आपल्या ताब्यात असतं. घाईची लागली आणि संडास लांब असला की आपण जे आवळतो, ते हे. त्याच्या वर एक स्नायू गुदाशयाला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला, मागून पट्ट्यासारखा पुढे ओढून धरतो, त्यामुळे तिथे एक कोन तयार होतो आणि मळ सरळ खाली घसरत नाही. चौथी गोष्ट म्हणजे जाणीव. आत आलेलं घट्ट आहे, पातळ आहे की नुसता गॅस, हे तिथली त्वचा ओळखते. या चारांतलं काय बिघडलं, हे शोधणं म्हणजे निदान.

म्हणून पहिला महत्त्वाचा प्रश्न: होण्याआधी कळतं का? कळतं पण संडासापर्यंत धरवत नाही, असं असेल तर संशय बाहेरच्या कड्यावर जातो, किंवा गुदाशय नीट सामावून घेत नसेल त्याच्यावर. कळतच नाही, कपडे बदलताना डाग दिसतो, असं असेल तर आतलं कडं किंवा जाणीव पोचवणाऱ्या नसा. शौच करून, स्वच्छ धुऊन उठल्यावर अर्ध्या-एक तासात थोडंसं पाझरतं, असं असेल तर पोट पूर्ण साफ होत नसण्याची शक्यता. तीन वेगळी उत्तरं, आणि पुढचे तीन वेगळे रस्ते.

मग इतिहास. बायकांना बाळंतपणाबद्दल खोलात विचारतात: चिमटा लावला होता का, टाके किती खोल गेले होते, बाळ मोठं होतं का. "त्याला आता तीस वर्षं झाली, त्याचा काय संबंध?" असं हमखास ऐकू येतं. संबंध असतो. तरुणपणी बाकीचे स्नायू फाटलेल्या कड्याची कसर भरून काढतात. पाळी गेल्यावर, वयानुसार स्नायू सैल पडल्यावर ती जुनी फट बोलायला लागते. मूळव्याध, भगंदर किंवा फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) यांचं ऑपरेशन, ओटीपोटावर घेतलेले रेडिएशन, मधुमेह, पक्षाघात, पाठीच्या कण्याला झालेली इजा, पित्ताशय काढलेलं असणं, हे सगळं विचारलं जातं.

औषधांची यादीही नीट द्या. मधुमेहासाठीचं मेटफॉर्मिन, मॅग्नेशियम असलेली अ‍ॅसिडिटीची औषधं, पोट साफ होण्यासाठी रोज घेतलेली चूर्णं आणि गोळ्या शौच पातळ करतात. सॉर्बिटॉल घातलेल्या बिनसाखरेच्या गोळ्या-च्युइंगगमसुद्धा. कड्यांत थोडा अशक्तपणा असेल तर घट्ट शौच धरवते, पातळ धरवत नाही. अशा वेळी एक गोळी बदलून प्रश्न निम्म्यावर आलेला पाहिला आहे.

लघवीही सुटते का, हे विचारतील. चालायला, उठायला किती वेळ लागतो हेही. कधी कधी कडी ठणठणीत असतात, गुडघेच संडासापर्यंत वेळेत पोचवत नाहीत.

डायरी ठेवायला सांगितली आहे. काय लिहायचं?

दोन आठवडे पुरतात. वेळ, शौचाचा प्रकार, आधी कळलं का, किती झालं, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं. प्रकारासाठी ब्रिस्टॉल तक्ता वापरतात. त्यात ७ चित्रं असतात: १ म्हणजे सुट्या कडक गोळ्या, ४ म्हणजे मऊ, सलग, ७ म्हणजे पाण्यासारखी. आकडा टाकला की वर्णन करत बसावं लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

एका दिवसाची नोंद साधारण अशी दिसते:

सकाळी ६.४०: प्रकार ६. जोराची घाई. दारापर्यंत पोचता पोचता थोडं झालं.
८.१५: कॉफीनंतर परत. प्रकार ६. या वेळी धरलं.
दुपारी ३: चालून आल्यावर डाग दिसला. कधी झालं कळलं नाही.
रात्री: काही नाही.

वाचणाऱ्याला यात दोन वेगळ्या गळती दिसतात. सकाळची घाईची, दुपारची नकळत झालेली. म्हणजे दोन गोष्टी शोधायच्या आहेत. शौच पातळ का होते हा तिसरा प्रश्न, आणि कॉफी हा पहिला संशयित. हे सगळं तुम्ही नुसतं "दिवसभर त्रास असतो" असं सांगितलं असतं तर हाती लागलं नसतं.

फॉर्म भरून घेऊन गुण दिले. त्यांचा अर्थ काय?

बहुधा वेक्सनर स्कोअर असेल. तो १९९३ पासून वापरात आहे. पाच गोष्टी विचारतात: घट्ट शौच, पातळ शौच आणि गॅस यांच्यावरचा ताबा किती वेळा सुटतो, पॅड लावावं लागतं का, रोजच्या जगण्यात फरक पडलाय का. प्रत्येकाला ० ते ४ गुण. कधीच नाही म्हणजे ०, रोज म्हणजे ४. बेरीज ० ते २०.

गुण जास्त म्हणजे त्रास जास्त, इतकंच. कारण काय ते हा आकडा सांगत नाही. उपचाराआधीचा १४ नंतर ६ झाला की फरक पडतोय हे कळतं, त्याचा खरा उपयोग तिथे. गॅस सुटणं आणि घट्ट शौच होणं याला तो सारखाच भाव देतो, हे मला तरी पटत नाही.

बोटाने तपासणी टाळता येणार नाही का? दुखते का?

टाळू नये. यंत्रं कितीही आली तरी या तपासणीत दोन मिनिटांत जे कळतं, ते कळल्याशिवाय पुढची कुठली तपासणी मागवायची हेच ठरत नाही. दुखत सहसा नाही. विचित्र वाटतं. फिशर असेल तर मात्र दुखतं, ते आधी सांगा.

डाव्या कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी. वरून चादर असते. आधी नुसतं बघतात: त्वचा लाल झाली आहे का, जुन्या टाक्यांचे व्रण, बाहेर आलेला कोंब, दार पूर्ण मिटलेलं आहे की उघडं राहतं. मग कापसाच्या काडीने कडेच्या त्वचेला हलकेच स्पर्श करतात. निरोगी माणसात तिथली त्वचा डोळा मिचकावल्यासारखी आकसते. आकसली की नसांचा मार्ग शाबूत असावा असा अंदाज बांधता येतो. एका बाजूला आकसली, दुसऱ्या बाजूला नाही, तर कण्याकडे आणि नसांकडे लक्ष द्यावं लागतं.

नंतर हातमोजा, भरपूर जेली आणि एक बोट. स्वस्थ असताना कडं किती आवळलेलं आहे ते पाहतात. मग सांगतात, "गॅस रोखून धरताय तसं आवळा." इथे बहुतेकांचं चुकतं. नितंब आवळतात, श्वास कोंडतात, मांड्या घट्ट करतात आणि नेमकं जे आवळायचं ते तसंच राहतं. म्हणून डॉक्टर दुसरा हात पोटावर ठेवतात, पोट ताठ झालं की ओळखतात. मग खोकायला लावतात. शेवटी, "शौच करताना देता तसा जोर द्या." या वेळी कडं सैल पडायला हवं. काहींचं उलट अधिकच आवळलं जातं, आणि मग पोट साफ का होत नाही याचं उत्तर तिथेच मिळतं. आत मळाचा खडा अडकला असेल तर तोही बोटाला लागतो.

गुदाशय बाहेर येतो असा संशय असेल तर कमोडवर बसवून जोर द्यायला सांगून बघतात. झोपलेल्या माणसात तो दिसत नाही, हे विसरलं तर निदान हुकतं.

सोबत आपलं माणूस किंवा नर्स हवी असं सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. बाई डॉक्टर हव्या असतील तर तेही आधी विचारा. आणि मध्येच "थांबा" म्हटलं तर थांबायलाच हवं.

मला तर बद्धकोष्ठ आहे, तरी पातळ गळतं. असं कसं?

गुदाशयात कडक मळाचा गोळा बसला की तो आतलं कडं सतत सैल ठेवतो, आणि वरून येणारा पातळ मळ त्याच्या बाजूने ओघळतो. वाटतात जुलाब, असतो तो तुंबारा. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांमध्ये हे फार आढळतं. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली की गोळा आणखी मोठा होतो. म्हणूनच वरची बोटाची तपासणी. मळ वर अडकला असेल तर बोटाला लागत नाही, तेव्हा पोटाचा साधा एक्स-रे काढतात.

रक्त, शौच, कोलोनोस्कोपी, सगळंच करावं लागतं?

सगळ्यांना नाही. शौच सतत पातळ असेल तर कारण शोधायला थायरॉइड, साखर, गव्हातलं ग्लूटेन न सोसणं यांच्या रक्ततपासण्या, आणि जंतुसंसर्ग किंवा आतड्याचा दाह आहे का यासाठी शौचाची तपासणी. शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, रक्त कमी होणं, अलीकडेच बदललेली शौचाची सवय किंवा घरात आतड्याचा कर्करोग झालेला असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मोठं आतडं बघणं. जुलाब जुने असतील आणि दुर्बिणीतून आतडं छान दिसत असेल तरीही छोटे तुकडे काढून तपासतात, कारण एका प्रकारचा दाह फक्त सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो.

मोठ्या तपासण्या लगेच का करत नाहीत?

कारण पुष्कळांना त्यांची गरजच पडत नाही. शौच घट्ट करणं, साचलेला मळ काढणं, औषधं बदलणं, स्नायूंचे व्यायाम, हे काही आठवडे करून बघतात. तेवढ्याने जमलं तर प्रश्न मिटला. नाही जमलं, किंवा ऑपरेशनचा विचार असेल, तर पुढच्या तपासण्या. पहिल्याच भेटीत पाच तपासण्यांची यादी हातात पडली आणि बोटाने कुणी तपासलंच नसेल, तर मी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेईन.

मॅनोमेट्री म्हणजे काय?

कड्यांची ताकद आकड्यांत मोजणं. पेन्सिलीपेक्षा बारीक, लवचीक नळी गुदद्वारातून आत सरकवतात. तिच्यावर दाब ओळखणारे सेन्सर आणि टोकाला छोटा फुगा असतो. भूल देत नाहीत, कारण तुम्हाला आवळायचं, खोकायचं, जोर द्यायचं असतं. साधारण अर्धा तास लागतो. आधी पोट साफ करायला एनिमा देतात.

स्वस्थ असतानाचा दाब मुख्यतः आतल्या कड्याबद्दल सांगतो, आवळतानाचा बाहेरच्या. मग फुगा थोडा थोडा फुगवत विचारतात: पहिल्यांदा काही जाणवलं ते केव्हा, जावंसं वाटलं ते केव्हा, आता सहन होत नाही ते केव्हा. मला या तपासणीतला हा भाग सगळ्यात बोलका वाटतो. खूप उशिरा जाणवत असेल तर गुदाशय सुस्त आहे, मळ येऊन पडला तरी खबर पोचत नाही. जुन्या मधुमेहात असं होऊ शकतं. अगदी थोड्या फुगवण्यानेच असह्य झालं तर गुदाशय ताठर किंवा चिडलेला आहे. रेडिएशननंतर किंवा दाहात हे दिसतं. अशा माणसाची कडी बळकट असूनही त्याला पळावं लागतं.

शेवटी बऱ्याच ठिकाणी फुग्यात ५० मिलि. पाणी भरून तो कमोडवर बसून बाहेर टाकायला सांगतात. एक-दोन मिनिटांत जमलं तर ठीक. रिपोर्टमधला आकडा दुसऱ्या केंद्राच्या आकड्याशी ताडून बघू नका. यंत्र, वय आणि स्त्री-पुरुष यांनुसार नॉर्मल बदलतं.

आतून सोनोग्राफी कशासाठी?

कडं फाटलंय का, हे बघायला. बोटाएवढी नळी आत ठेवली की भोवतालचं पूर्ण वर्तुळ पडद्यावर येतं. आतलं कडं काळ्या रिंगणासारखं, बाहेरचं त्याभोवती उजळसर. फाटलेला भाग घड्याळाच्या काट्यांप्रमाणे लिहितात. "दहा ते दोन" असं रिपोर्टमध्ये वाचून वेळ समजू नका, ती पुढच्या बाजूची फट आहे. बाळंतपणातली जखम बहुधा तिथेच असते. तपासणी दहा-पंधरा मिनिटांची.

फट दिसली म्हणजे तीच दोषी, असं मात्र धरू नये. फट असूनही आयुष्यभर काही त्रास न झालेल्या बायका पुष्कळ आहेत. बाहेरचा स्नायू झिजून बारीक झालाय का, हे एमआरआयमध्ये जास्त चांगलं कळतं.

डेफिकोग्राफी?

यालाच लोक सगळ्यात जास्त घाबरतात, आणि लाज वाटणं साहजिक आहे. गुदाशयात बेरियमची, म्हणजे एक्स-रेत दिसणारी, पेस्ट भरतात, खास कमोडवर बसवतात आणि पेस्ट बाहेर टाकतानाचा एक्स-रे व्हिडिओ काढतात. आतला भाग घसरतो का, पिशवीसारखा फुगतो का, पूर्ण रिकामा होतो का, हे चालू अवस्थेत दिसतं. एमआरआयवरही हे करतात. त्यात किरणोत्सार नसतो, पण बहुतेक ठिकाणी झोपून करावं लागतं. सगळ्यांना लागत नाही.

नसांची तपासणी?

बाहेरच्या कड्याला हुकूम देणारी नस कण्याच्या तळाकडून येते. तिच्यातून विद्युतसंदेश जायला किती वेळ लागतो ते मोजण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. आता तिच्यावर फारशी भिस्त ठेवत नाहीत. सुई घालून स्नायूंचा ईएमजी, म्हणजे त्यांच्यातल्या विद्युतसंदेशांची नोंद, निवडक रुग्णांत करतात.

ताबडतोब दवाखाना कधी गाठायचा?

ताबा अचानक सुटला आणि सोबत मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसायच्या जागेवर बधिरपणा, लघवी अडकणं किंवा पाय लुळे पडणं यातलं काही असेल तर त्याच तासाला, रात्र असली तरी. कण्याच्या तळाशी नसांचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो. तिथे एमआरआय आधी होतो, डायरी-बियरी नंतर.

मूल चड्डीत शी करतं. त्याच्याही एवढ्या तपासण्या?

बहुधा नाही. चार वर्षांच्या आत याला आजार म्हणतच नाहीत. त्यानंतर होत असेल तर बहुतेक वेळा मागे बद्धकोष्ठ असतं आणि ते विचारपूस व पोट चाचपून कळतं. पाय, पाठ, कण्याच्या तळाशी खळगा किंवा केसांचा झुबका आहे का, हे पाहतात. मूल मुद्दाम करत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगायला हवं.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. मग माझं दुखणं खोटं?

तपासण्या एका दिवसाच्या, अर्ध्या तासाच्या असतात. त्रास मंगळवारी बसमध्ये होतो. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मोठी जखम किंवा गंभीर रोग नाही, एवढं कळलं. मग पुन्हा डायरीकडे वळतात: शौच पातळ केव्हा होते, घाई कशाने होते. उपचार अशा वेळी लक्षणांवरून ठरवतात आणि ते लागूही पडतात.

तपासताना टेबलावरच काही झालं तर?

होतं. खाली शोषून घेणारा कागद त्यासाठीच अंथरलेला असतो. खोकल्यावर गळालं, तर डॉक्टरांनी खोकायला सांगितलं होतं ते याचसाठी. फायलीत एक ओळ लिहिली जाते, कागद बदलला जातो, आणि "आता पुन्हा एकदा आवळा बघू" असं म्हणून तपासणी पुढे चालू राहते.